दुखणं निस्तरलेली गाडी

वाचकाचं पत्र:

आम्हाला जुनी, परदेशी बनावटीची स्टेशन वॅगन घ्यायची आहे. घरात दोन मुलं, एक मोठा कुत्रा, गुडघ्यांनी त्रासलेल्या सासूबाई, आणि महिन्यातून दोनदा तरी लांबचा प्रवास. तीन गाड्यांवर येऊन अडलो आहोत. पहिली 2004 ची व्हॉल्वो व्ही70, 2.4 लिटर, टर्बो नसलेली, ऑटोमॅटिक, रनिंग 1,38,000 किमी. मालक एकच, पण टायमिंग बेल्ट कधी बदलला ते त्यांना आठवत नाही. दुसरी 2006 ची सुबारू आउटबॅक 2.5, तीही ऑटोमॅटिक, रनिंग 2,12,000 किमी. बाहेरून बऱ्यापैकी ओरखडलेली, पण हेड गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट दोन वर्षांपूर्वी बदलल्याची बिलं आहेत. तिसरी 2003 ची फोक्सवॅगन पसाट 1.8 टर्बो, रनिंग 1,15,000, लेदर सीट, चकचकीत. ती विक्रेत्याकडे उभी आहे, जुने कागद जवळजवळ नाहीत. किमती साधारण सारख्याच. नवऱ्याला पसाट आवडली आहे, मला व्हॉल्वो. दोन लाखांवर पळालेल्या गाडीची तर भीतीच वाटते. कोणती घ्यावी?

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना माझी नजर एका शब्दावर थांबली. ‘बिलं’. तिन्हींपैकी एकाच गाडीबद्दल तुम्ही तो लिहिला आहे, आणि नेमकी तीच गाडी तुम्हाला नकोशी वाटते आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. रॅम्पवर चढवून बघितल्यावर आउटबॅक ठीक निघाली तर ती घ्या. ती हुकली तर व्हॉल्वो, पण एका अटीवर. पसाट सोडून द्या. आता कारणं सांगते, कारण घरी तुम्हाला ती मांडावी लागणार आहेत.

या वयाच्या प्रत्येक वॅगनचं एक ठरलेलं दुखणं असतं. एकाच मॉडेलच्या हजारो गाड्या वर्षानुवर्षं त्याच जागी दुखतात आणि त्या मॉडेलवर हात बसलेल्या मेकॅनिकला ती जागा झोपेतही सांगता येते. जुनी गाडी बघायला गेले की मी एवढंच शोधते: हिचं ठरलेलं दुखणं येऊन गेलंय की अजून यायचंय? येऊन गेलं असेल तर ते नीट निस्तरलं का, आणि त्याचा कागद कुठे आहे? कंपनीचं नाव, रंग, सीटचं कातडं हे सगळं माझ्या लेखी त्यानंतरचं.

हे मी अनुभवातून शिकले. माझ्या पहिल्या वॅगनच्या वेळी विकणाऱ्याने ‘बेल्ट नुकताच बदललाय’ असं सांगितलं होतं. बिल मागायचा मला संकोच वाटला. चार महिन्यांनी भर रस्त्यात इंजिन एकदम गप्प झालं. गाडी ओढून नेली, हेड खोललं, तर व्हॉल्व्ह वाकलेले आणि बेल्ट जुनाच. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून वर गेला. तेव्हापासून बिल मागताना मी संकोच करत नाही, तुम्हीही करू नका.

तुमच्या तिन्ही गाड्यांची इंजिनं याच जातीची आहेत. टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा. तो तुटला की पिस्टन आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. बेल्ट रबराचा असतो, त्यामुळे तो अंतराने झिजतो तसा वयानेही सुकतो. किलोमीटर कमी आहेत म्हणून बेल्ट तरुण राहत नाही. म्हणजे तुमच्या व्हॉल्वोच्या मालकांना बेल्ट ‘आठवत नसेल’ तर तो कारखान्यातून आला तोच आहे असं धरून चाला. तिन्ही इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर फिरतो. म्हणून शहाणा मेकॅनिक बेल्टबरोबर पंप, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि आयडलर पुली (बेल्टला वाट देणारी चाकं) एकाच वेळी बदलतो. मजुरी एकदाच पडते, आणि जुना पंप अडकून नवा बेल्ट तुटण्याची भीती राहत नाही. आउटबॅकच्या बिलात नुसतं ‘टायमिंग बेल्ट’ लिहिलंय की ही सगळी यादी आहे, ते वाचा.

आता तुम्हाला भीती वाटणारी आउटबॅक. सुबारूचं इंजिन आडवं झोपलेलं असतं. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो आणि गाडी रस्त्याला चिकटून चालते. पण याच रचनेमुळे हेड गॅस्केटच्या, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याचं हेड यांच्यामधल्या पातळ सीलच्या, खालच्या कडेशी तेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कायम साचून राहतं. या 2.5 लिटर इंजिनाला मूळचं गॅस्केट साधं, लेप दिलेलं होतं, आणि काही वर्षांनी ते खालच्या कडेने झिरपू लागतं. नव्वदीच्या दशकातल्या आधीच्या 2.5 लिटर इंजिनात गळती आतल्या आत व्हायची आणि गाडी अचानक तापायची. तुमच्या 2006 च्या गाडीतलं इंजिन बहुधा बाहेरच्या बाजूला गळतं, आणि ते तुलनेने बरं. खालून बघितलं की दिसतं, आणि वेळही मिळतो.

याच दुखण्यासाठी सुबारू बदनाम आहे. तुमच्या आउटबॅकचं ते दुखणं येऊन गेलंय. नंतरच्या काळात मेकॅनिक तिथे पोलादाच्या अनेक थरांचं गॅस्केट बसवू लागले. सुबारूच्या टर्बो इंजिनांना ते कंपनीकडूनच येतं, आणि ते टिकतं. म्हणून ज्या गॅरेजने काम केलं त्यांना फोन करा आणि विचारा: गॅस्केट कुठलं घातलं? दोन्ही बाजूंची बदलली की एकच? हेड फेसिंग करून घेतलं का? हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट न करता नुसतं नवं गॅस्केट घातलं असेल तर ते काम अर्धवट झालं. तिन्ही उत्तरं सरळ मिळाली तर 2,12,000 हा आकडा मनातून काढून टाका. हे इंजिन गॅस्केट, तेल आणि बेल्टची काळजी घेतली तर त्याच्याही पुष्कळ पुढे जातं.

आउटबॅकमध्ये अजून एक गोष्ट बघायची, आणि ती बहुतेक लोक बघत नाहीत. टायर. ही गाडी चारही चाकांनी ओढते, कायम. चारपैकी एखादा टायर नवा आणि बाकीचे झिजलेले असले तर चाकांचे घेर वेगळे होतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा क्लच सतत घासत राहतो. सुबारूच्या सूचनेनुसार चार टायरांच्या घेरात सुमारे 6 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि सारखेच झिजलेले आहेत का ते बघा. दोन नवे आणि दोन जुने दिसले तर थांबा. मग मोकळ्या, कोरड्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी हळू गोल फिरवा. ती झटके देत, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी चालली, तर त्या क्लचचं काम निघालेलं आहे. हे काम महाग आहे, आणि तसं निघालं तर मी आउटबॅकचा आग्रह धरणार नाही.

पेट्रोल ती व्हॉल्वोपेक्षा जास्त पिईल. चार चाकं ओढण्याची ती किंमत आहे. चिखल, बर्फ किंवा निसरडा चढ तुमच्या वाटेत कधीच येत नसेल तर ही किंमत तुम्ही विनाकारण मोजाल, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही मी आउटबॅकच म्हणते आहे, कारण तुमच्या घरात सासूबाई आहेत. आउटबॅक जमिनीपासून साधारण 20 सेंटीमीटर वर असते आणि तिची सीटही त्याच प्रमाणात उंच असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून बसण्यापेक्षा आणि नंतर जोर लावून उठण्यापेक्षा आडवं सरकून बसणं फार सोपं जातं. पसाटमध्ये त्यांना दर वेळी कोणाचा तरी हात लागेल.

व्हॉल्वोकडे तुमचा ओढा का आहे ते मला कळतं. व्ही70 चं मागचं अंग पेटीसारखं चौकोनी असतं, डिकीत कुत्रा आरामात उभा राहू शकतो, आणि पुढच्या सीटवर चार-पाच तास बसलं तरी पाठ दुखत नाही. या पिढीच्या व्ही70, 2000 ते 2007 दरम्यानच्या, लांबच्या प्रवासाला मला अतिशय आवडतात. टर्बो नसलेलं पाच सिलिंडरचं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद, ही तिच्यातली सगळ्यात साधी, कमी बिघडणारी जोडी. तुम्ही नेमकी तीच शोधलीत, हे चांगलं केलंत.

पण तिची दुखणी अजून यायची आहेत. बेल्टचं सांगितलंच. दुसरं, इंजिनाच्या श्वासाचं. इंजिनातली वाफ आणि वायू परत ओढून घेणारी नळ्यांची एक यंत्रणा या इंजिनात असते. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि सीलमधून तेल बाहेर येऊ लागतं. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम झाल्यावर, गाडी जागेवर चालू ठेवून, तेल भरायचं झाकण काढा आणि तिथे रबरी हातमोजा लावा. मोजा आत ओढला गेला तर ठीक. फुगून उभा राहिला तर नळ्या तुंबल्यात. हे करताना विकणाऱ्याचा चेहराही बघा, त्यावरूनही पुष्कळ कळतं.

तिसरं दुखणं गिअरबॉक्सचं. या काळातल्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलताना इंजिन क्षणभर मोकळं फिरतं, नाहीतर धक्का बसतो, अशा तक्रारी बऱ्याच येतात. ‘या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं’ असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. ऑटोमॅटिकचं तेल बदलावंच लागतं. ते ताजं असताना लाल असतं. तपकिरी, जळका वास मारणारं निघालं तर तुमच्या हिशोबात एक मोठा खर्च वाढला. म्हणून माझी अट: बेल्ट, पंप आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या कामाचा लेखी अंदाज एखाद्या गॅरेजकडून घ्या आणि तेवढी रक्कम मालकांकडून कमी करून घ्या. ते तयार नसतील तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. तयार असतील आणि मोजा आत ओढला गेला, तर व्हॉल्वो घेतल्याचा तुम्हाला पश्चात्ताप होणार नाही.

पसाटबद्दल थोडक्यात, पण तुमच्या मिस्टरांना हे नक्की वाचून दाखवा. ती गाडी चालवायला खरोखर छान आहे आणि आतून तिघींत सगळ्यात देखणी आहे, हे मी मान्य करते. पण तिचं 1.8 टर्बो इंजिन तेलाच्या बाबतीत फार नाजूक आहे. तेल साठवायचा तळ लहान, टर्बोची उष्णता जास्त. तेल वेळेवर बदललं नाही की त्याचा काळा चिखल होतो, तो तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी तुंबवतो, आणि मग टर्बो आणि इंजिन दोन्ही कोरडे पडतात. या इंजिनात तेल बदलल्याच्या नोंदी हेच आरोग्याचं प्रमाणपत्र आहे आणि तुमच्या पसाटकडे नेमक्या त्याच नाहीत. कमी रनिंगने उलट माझी काळजी वाढते. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर म्हणजे बहुतेक वेळा जवळच्या फेऱ्या. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, तेलात ओल राहते आणि चिखल लवकर तयार होतो.

त्यात पुढच्या सस्पेन्शनचे एकेका बाजूला चार-चार आर्म (चाक धरून ठेवणारे दांडे), ते झिजले की एकत्रच बदलावे लागतात. वायपरखालच्या जागेत पानं साचून पाणी थेट आत, पुढच्या गालिच्याखाली उतरतं, आणि दारांच्या लॉकचा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तिथेच असतो. विक्रेत्याकडची गाडी कितीही चमकत असली तरी गालिच्यावर तळहात जोरात दाबून बघा. ओल किंवा कुबट वास जाणवला तर तिथूनच परत फिरा.

परदेशातून आलेल्या जुन्या गाडीचा आकडा वाचताना अजून एक खबरदारी. मीटर मैलांत होतं की किलोमीटरमध्ये? काही देशांत गाडीचं मीटर मैल दाखवतं, आणि आयात झाल्यावर फक्त तबकडी बदलली जाते. पसाटचे 1,15,000 जर मैल असतील तर ते 1,85,000 किलोमीटर झाले! ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बघा. लाखभर पळालेल्या गाडीत या तीन गोष्टी झिजून गुळगुळीत झालेल्या नसतात.

चॅसिस नंबरही लिहून घ्या. तो 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्याच्या सुरुवातीवरून कंपनी कुठल्या देशातली ते कळतं: जर्मन गाडीला डब्ल्यू, स्वीडिश व्हॉल्वोला वाय, जपानमध्ये बनलेल्या सुबारूला जे. आउटबॅक अमेरिकेतही बनत होती, त्या गाड्यांचा नंबर 4 ने सुरू होतो. हे नुसतं कुतूहल नाही. एकाच मॉडेलचे सुटे भाग वेगवेगळ्या बाजारांसाठी वेगळे असतात, म्हणून भाग मागवताना मॉडेलचं नाव सांगण्यापेक्षा हा नंबर द्यायचा. हेडलाइटही नीट बघा. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशातला दिवा डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि गाडी कुठे वावरली आहे ते विचारा. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशात दहा वर्षं काढलेल्या गाडीचं वरचं अंग चकाकत असतं आणि खालून ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या असतात. गंज खोलवर गेला असेल तर कितीही चांगली बिलं असली तरी गाडी नको. इंजिन दुरुस्त होतं, गंजलेला सांगाडा होत नाही.

बघायला जाल तेव्हा मालकांना आधीच सांगा: इंजिन थंड ठेवा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्यांनी काहीतरी लपवायचा प्रयत्न केलाय असं मी समजते. थंड इंजिन सुरू होतानाचा धूर, खडखड आणि पहिल्या मिनिटातली थरथर या गोष्टी नंतर दिसत नाहीत. तिन्ही गाड्यांना ओबीडी-2 चा सॉकेट असतो, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाड वाचायची जागा, तर मेकॅनिकला स्कॅनर आणायला सांगा. एकही बिघाड न दिसणं पुरेसं नसतं. स्वयंतपासणीच्या नोंदी ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर बिघाड नुकताच पुसला गेला असण्याची दाट शक्यता आहे. आउटबॅकसाठी एक अजून: कूलंटच्या टाकीवर निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. कूलंटमध्ये जळालेला वायू मिसळत असेल तर द्रव पिवळा होतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि गॅस्केट आतल्या आत गळतंय का ते त्यातून कळतं. बाहेरची गळती मात्र खालूनच बघावी लागते.

वॅगनचं मागचं दार विसरू नका. बिजागरीपाशी वायरी वर्षानुवर्षं वाकून तुटतात, मग मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा किंवा लॉक बंद पडतं. ते दार दोन-तीनदा उघडून पूर्ण वर सोडा. गॅसचे दांडे कमकुवत असले तर ते हळूहळू खाली येतं, आणि कुत्र्याला चढवताना डोक्यावर आपटतं. दांडे स्वस्तात बदलतात, पण पहिल्या दिवशीच बदला.

तुमच्या सगळ्या पैशांतून किमतीचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवूनच बोलणी करा. कुठलीही घेतलीत तरी पहिल्या महिन्यात सगळी तेलं, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलायचं आहे. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांचे टायर मुलांना बसवून पळवायचे नसतात.

आउटबॅकच्या मालकांना उद्याच फोन करा. गॅस्केट बदलणाऱ्या गॅरेजचं नाव विचारा आणि त्या बिलांचे फोटो मागा. बघायला जाताना सासूबाईंना बरोबर न्या, पुढच्या सीटवर बसवा, आणि कोणी हात न देता त्यांना उतरू द्या.